आभाळातून कुणी हाक मारतंय का?



एरवी या कार्यक्रमात आपण गटाच्या हिशेबाची वही, बाळंतिणीचा आहार, शेळ्यांचं लसीकरण अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हसा, पण रेडिओ बंद करू नका. आजचा प्रश्न असा आहे: एवढ्या मोठ्या आभाळात आपल्यासारखं विचार करणारं, एकमेकांशी बोलणारं दुसरं कुणी आहे का? पेपरात ज्यांना परग्रहवासी म्हणतात आणि आपली पोरं ज्यांना एलियन म्हणतात, ते खरंच आहेत का?

हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो आमच्या गटाच्या बैठकीत आपणहून आला, आणि त्याच्यापायी गटाचे दहा हजार रुपये जाता जाता राहिले. तेच आधी सांगते.

थंडीचे दिवस होते. दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं आभाळात दिव्यांची माळ दिसली. वीस-पंचवीस ठिपके, एकामागे एक, सरळ रेषेत, आवाज न करता सरकत गेले आणि दिसेनासे झाले. अर्ध्या गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागला, की परग्रहावरचे लोक उतरलेत आणि रात्री शेतात एकट्या माणसाला उचलून नेतात. कांद्याला पाणी द्यायला वीज तर रात्रीचीच असते. ज्या बायका नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन रानात जायच्या, त्या जायच्या बंद झाल्या. दोन घरांतल्या मुलींची पहाटेची शिकवणी बंद झाली. आणि पाचव्या दिवशी एक माणूस गावात आला. आभाळातून आलेली बाधा उतरवून देतो म्हणाला. घरटी ५०१ रुपये, नारळ वेगळा.

बैठकीत एक काकू म्हणाल्या, "गटातल्या वीस घरांचं मिळून गटाच्या पैशातूनच देऊन टाकू." वीस घरांचे झाले १०,०२० रुपये. अध्यक्ष ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शाळेत शिकवलंय. तुम्ही सांगा." खरं सांगते, त्या वेळी मला काही सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "आठ दिवस पैसे हलवू नका. मी विचारून येते."

विचारलं, वाचलं, तेव्हा कळलं. ती माळ उपग्रहांची होती. इंटरनेट देण्यासाठी सोडलेले लहान लहान उपग्रह एकाच रॉकेटमधून कितीतरी एकदम वर नेतात. सोडल्यानंतर पहिले काही दिवस ते ओळीनं फिरतात. खाली आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर सूर्याचा उजेड अजून पोचत असतो. त्या उजेडात ते चमकतात. म्हणून ते दिवेलागणीनंतर किंवा पहाटेच दिसतात, मध्यरात्री सहसा नाही. गटाचे पैसे वाचले. शिकवणी सुरू झाली.

पण त्या बैठकीत एका आजींची नात बसली होती, सातवीतली. ती म्हणाली, "बाई, ते एलियन नव्हते हे कळलं. पण मग एलियन आहेतच का नाहीत? आणि नाहीत असं कुणी म्हटलं, तर त्याला कसं कळलं?" आजींनी तिला गप्प केलं. "मोठ्यांच्यात बोलू नये." मला मात्र तो प्रश्न गप्प बसू देईना. आजचं बोलणं त्या पोरीसाठी आहे.

आभाळातून खरोखर काही खाली येतं, हेही आपल्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्यात ठिकठिकाणी लोकांना आभाळातून जळत जाणारे लालसर पट्टे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर लोखंडी चाकाच्या धावेसारखं, पण केवढं तरी मोठं, सुमारे दहा फूट रुंदीचं धातूचं कडं येऊन पडलं. नशीब, कुणाला लागलं नाही. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं, तज्ज्ञांनी तपासलं, आणि ते एका जुन्या रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष निघाला. ते रॉकेट चीनचं असावं, असं खगोल अभ्यासकांनी त्याच्या मार्गावरून सांगितलं. म्हणजे तिथंही आभाळातून आलेली वस्तू माणसाच्याच हातची होती.

मग माणसाच्या हातचं नाही असं काही कधी सापडलंय का? आता मी तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे.

तिचं नाव जोसलिन बेल. जन्म १९४३ चा, उत्तर आयर्लंडमधला. ती शाळेत होती तेव्हा तिथं अशी रीत होती, की विज्ञानाच्या तासाला मुलांनी प्रयोगशाळेत जायचं आणि मुलींनी स्वयंपाक-शिवण शिकायला. तिच्या आईवडिलांनी शाळेत जाऊन भांडण केलं, तेव्हा कुठं तिला विज्ञानाच्या वर्गात बसू दिलं. अकराव्या वर्षी द्यायच्या परीक्षेत ती नापास झाली होती, हेही सांगून ठेवते. पुढं ती इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात संशोधन करायला गेली.

तिथं तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्युइश यांना, एक रेडिओ दुर्बीण उभारायची होती. रेडिओ दुर्बीण म्हणजे डोळा लावून बघायची दुर्बीण नव्हे. ताऱ्यांतून उजेड येतो तशा रेडिओ लहरीही येतात. त्या ऐकणारा मोठा कान म्हणा. साडेचार एकर रानात खांब ठोकून, त्यांच्यावर तारा ओढून हा कान तयार झाला. द्राक्षाचा मांडव घालतात ना, तसंच काहीसं. जोसलिननं इतर मुलांबरोबर दोन वर्षं तिथं घण मारून खांब ठोकले आणि तारा जोडल्या. १९६७ च्या उन्हाळ्यात दुर्बीण सुरू झाली.

तेव्हा संगणकाची सोय नव्हती. आलेल्या लहरींची रेघ कागदाच्या पट्टीवर उमटायची. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढतात तशी. दिवसाला जवळजवळ शंभर फूट कागद निघायचा, आणि तो सगळा ही एकटी मुलगी डोळ्यांनी तपासायची. ऑगस्ट महिन्यात तिला त्या रेघेत एक बारीकसा खरडल्यासारखा डाग दिसला. लांबी पाव इंच. शंभर फुटांत पाव इंच! तांदूळ निवडताना आपल्याला एखादा खडा जसा खटकतो, तसा तो तिला खटकला. तिला आठवलं, हे आपण आधीही पाहिलंय, आभाळाच्या ह्याच भागातून आलं होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिनं कागदाची पट्टी जोरात पळवून तीच खूण मोठी करून पाहिली. तेव्हा दिसले ठोके. टक्, टक्, टक्. दर १.३३ सेकंदाला एक. घड्याळाला लाजवेल इतके नेमके.

निसर्गात इतकं नेमकं काय असतं? मार्गदर्शक म्हणाले, माणसाच्या यंत्राचा आवाज असेल. तोही नसेल तर? कुणीतरी दूरच्या ग्रहावरून खूण पाठवत असेल तर? त्यांनी त्या खुणेला थट्टेनं नाव ठेवलं, 'छोटी हिरवी माणसं'. नाव थट्टेचं होतं, पण चर्चा गंभीर होती. खरंच तसं निघालं, तर जगाला कसं आणि कुणी सांगायचं, इथवर बोलणं गेलं. जोसलिन वैतागली होती. हातातलं संशोधन पूर्ण करून पदवी घ्यायची, त्यातच ह्या हिरव्या माणसांनी नेमका माझाच कान निवडावा का, असं तिला झालं होतं. हे तिनंच पुढं अनेकदा हसत सांगितलं आहे.

आता बघा, त्यांनी काय केलं. पेपरवाल्यांना बोलावलं नाही. त्यांनी एकेक शंका घेतली आणि तपासली.

पहिली शंका: हा आपलाच आवाज आहे का? मोटारीची ठिणगी, रडार, यंत्रातला बिघाड? यंत्र बिघडलं असेल तर दुसऱ्या यंत्रावर ही खूण यायला नको. त्यांनी दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिलं. तिथंही आली. म्हणजे बिघाड नाही.

दुसरी शंका: ही पृथ्वीवरची आहे की ताऱ्यांतली? हे तुम्हीसुद्धा ओळखू शकाल. कार्तिकात दिवे लागायच्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या कृत्तिका माघात त्याच वेळी डोक्यावर आलेल्या असतात. कारण तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. महिन्याला दोन तास होतात. माणसाचं यंत्र आपल्या घड्याळानं चालतं, तारे त्यांच्या. जोसलिनची खूण रोज चार मिनिटं लवकर येत होती. म्हणजे ती ताऱ्यांबरोबर चालत होती. ताऱ्यांच्या घड्याळानं काम करणारी माणसं एकच, खगोलशास्त्रज्ञ. म्हणून दुसऱ्या वेधशाळांनाही विचारलं, तुमचं काही काम चालू आहे का? नव्हतं.

तिसरी शंका: खूण ग्रहावरून येते का? कुणी राहत असेल तर ते ग्रहावर राहणार. ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरणार. कधी आपल्या जवळ येणार, कधी लांब जाणार. तसे ठोकेही कधी दाट, कधी विरळ व्हायला हवेत. मोजमाप केलं. आपल्या पृथ्वीच्या फिरण्यामुळं जेवढा फरक पडतो तेवढाच सापडला. तिकडच्या ग्रहाचा पत्ता नाही.

आणि चौथं, जे जोसलिननंच शोधलं. नाताळच्या सुटीवर घरी जायच्या आधी, २१ डिसेंबरच्या रात्री ती जुने कागद चाळत बसली होती. आभाळाच्या अगदी दुसऱ्या भागात तिला तसाच डाग दिसला. थंडीत यंत्र नीट चालत नव्हतं. तिनं खटपट करून ते पाचच मिनिटं चालू केलं, आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत ठोके आले. दर १.२ सेकंदाला. ती सुटीवर गेली ती निश्चिंत होऊन. कारण दोन टोकांच्या दोन वेगवेगळ्या हिरव्या माणसांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीनं आपल्यालाच हाक मारावी, हे पटण्यासारखं नव्हतं. हा निसर्गाचाच काहीतरी प्रकार असणार.

तसाच होता. मोठा तारा मरताना स्फोट होतो आणि त्याचा गाभा दाबला जाऊन उरतो. आपल्या सूर्याहून जास्त वजन, आणि आकार एखाद्या शहराएवढा, वीसेक किलोमीटरचा. तो भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. त्याच्यातून रेडिओ लहरींचा झोत निघतो. समुद्रकाठच्या दीपगृहाचा झोत फिरत फिरत होडीवर येतो आणि जातो, तसा तो झोत आपल्यावरून जातो. प्रत्येक फेरीला एक ठोका. ह्या ताऱ्यांना पल्सार म्हणतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये हा शोध जगाला कळला.

पुढं काय झालं तेही ऐका. वार्ताहर आले. विज्ञानाचे प्रश्न त्यांनी मार्गदर्शकांना विचारले, आणि जोसलिनला विचारलं तिचं माप काय, मित्र किती. १९७४ साली या कामाबद्दल ह्युइश यांना, त्यांचे सहकारी मार्टिन राइल यांच्याबरोबर विभागून, नोबेल पुरस्कार मिळाला. डाग जिला खटकला, तिचं नाव त्यात नव्हतं. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला. तिनं ती सगळी रक्कम अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिली, ज्यांना भौतिकशास्त्राच्या वर्गात सहसा जागा मिळत नाही. त्यात मुली आल्या, निर्वासित आले.

तुम्ही म्हणाल, बाई, हे इंग्लंडचं झालं. तर गेल्या फेब्रुवारीत आम्ही गटातल्या बारा जणी जीप करून खोडदला गेलो होतो. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं केंद्र लोकांना बघायला खुलं असतं. टोमॅटोच्या आणि कांद्याच्या रानांमध्ये प्रचंड जाळीच्या परड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेकीची रुंदी ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. अशा तीस. काही एकमेकींजवळ, बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या मिळून एकच मोठा कान होतो. हिचं नाव जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी वापरली, म्हणून खर्च कमी आला आणि वारा आरपार जातो. जोसलिननं शोधले तसले पल्सार खोडदला आजही ऐकले जातात. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "चाळणीनं तारे चाळतात म्हणायचे!"

आता तुम्हाला वाटेल, एवढा मोठा कान खोडदलाच का? कारण तिथं माणसाचा गोंगाट कमी. शहरं लांब, आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा. ताऱ्यांकडून येणारी लहर इतकी क्षीण असते, की शेजारचा मोबाइल तिच्यापुढं ढोल वाटतो. या कानाची ताकद किती? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं. उतरताना ते जो बारीक संदेश पाठवत होतं, तो खोडदला ऐकला गेला. मंगळावरचा आवाज जुन्नर तालुक्यात! ते यान शेवटी आपटलं. पण आपटायच्या थोडं आधी त्याचा आवाज बंद पडला, हेही खोडदच्या कानाला कळलं.

मग असे कान असताना परग्रहावरचं कुणी ऐकू आलं का? नाही. आजपर्यंत नाही. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञानं पहिल्यांदा मुद्दाम कान लावला, जवळच्या दोन ताऱ्यांकडे. तेव्हापासून साठांवर वर्षं झाली. मधे मधे फसगतही झाली. ऑस्ट्रेलियातल्या एका दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र खूण यायची. कुणाला उलगडेना. २०१५ मध्ये कोडं सुटलं. तिथल्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार, आतलं शिजायच्या आधीच कुणीतरी घाईनं उघडत होतं! सतरा वर्षांचं कोडं भुकेल्या माणसानं घातलं होतं.

एक खूण मात्र अजून सुटलेली नाही. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ७२ सेकंद एक जोरदार लहर आली. तपासणाऱ्यानं कागदावर लाल पेनानं शेरा मारला, 'वाव!' म्हणजे आपलं 'अबब!' त्यानंतर तिकडे अनेकदा कान लावले. ती परत आली नाही. जे एकदाच आलं आणि पुन्हा तपासता आलं नाही, त्याला शास्त्रज्ञ पुरावा मानत नाहीत. ती खूण 'माहीत नाही' या कप्प्यात ठेवलेली आहे.

म्हणजे कुणीच नाही का? थांबा. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. आपल्या आकाशगंगेत, म्हणजे काळोख्या रात्री जो दुधाळ पट्टा दिसतो त्यात, किमान दहा हजार कोटी तारे आहेत. प्रत्येक तारा एक सूर्य. १९९५ मध्ये आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आज असे सहा हजारांच्या आसपास ग्रह माहीत आहेत. त्यांतले काही आपल्या सूर्यापासून पृथ्वी जशी बेताच्या अंतरावर आहे, तसे आहेत. फार तापत नाहीत, फार गोठत नाहीत. जागेची वाण नाही.

अडचण आहे अंतराची. रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. मी आत्ता बोलतेय त्याची थोडीशी लहर वर आभाळातही निसटतेय. ती चंद्राच्या पुढं जायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. सूर्याएवढं अंतर कापायला आठ मिनिटं. पण सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जायला सव्वाचार वर्षं, आणि आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक लाख वर्षं. आपला रेडिओ दहा-बारा किलोमीटरपुरता. तिकडं पोचेपर्यंत आवाज इतका विरलेला असेल, की कुणी ऐकणारं असलं तरी त्याला फार मोठा कान हवा.

दुसरी अडचण वेळेची. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं. जीव इथं साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच आले होते, पण त्यातला बहुतेक काळ ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होते. पृथ्वीचं सगळं वय म्हणजे एक दिवस धरा, मध्यरात्र ते मध्यरात्र. त्यात माणूस आला तो शेवटच्या सहा सेकंदांत. आणि रेडिओ आला त्याला पापणी लवण्याइतकासुद्धा वेळ झालेला नाही. आता समजा, शिवनेरीवर कुणी रात्रभर मशाल धरली, आणि समोरच्या नारायणगडावर बघणारा माणूस दोनशे वर्षांनी चढला. दोघेही खरे, दोघांनीही कष्ट केले, पण भेट नाही. आभाळातही असंच होत असेल. म्हणून साठ वर्षं ऐकून काही आलं नाही, यावरून कुणीच नाही असं म्हणता येत नाही. आणि जागा पुष्कळ आहे, यावरून कुणीतरी असेलच असंही म्हणता येत नाही. जीव सुरू होणं सोपं की अवघड, त्याला अक्कल येणं सोपं की अवघड, हे ठरवायला आपल्याकडे उदाहरण एकच आहे, आपलं. एका घरावरून सगळ्या गावाचा अंदाज कसा बांधणार?

तर सातवीतल्या त्या पोरीला माझं उत्तर हे: बाळा, आहेत की नाहीत हे आज कुणालाही माहीत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नाही. जो ठामपणे 'आहेत' म्हणतो त्याला विचार, कशावरून? जो ठामपणे 'नाहीत' म्हणतो त्यालाही विचार, कशावरून? आणि जो म्हणतो 'आहेत, आणि त्यांची बाधा उतरवायला ५०१ रुपये द्या', त्याला तर दारातच विचार.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी आभाळात काही दिसलं, नाही तर मोबाइलवर काही आलं, तर जोसलिनचे प्रश्न आपले करा. हे माणसाच्या हातचं असू शकतं का? दुसऱ्या गावातल्या कुणी, आपापल्या डोळ्यांनी पाहिलं का? ते पुन्हा येतं का, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला? आणि दुसरं एखादं साधं कारण याला लागू पडतं का? हे विचारून होईपर्यंत गटाची पेटी उघडायची नाही. आमच्या गटानं तसा ठरावच लिहून ठेवला आहे, आणि तो आभाळापुरता ठेवलेला नाही. दामदुप्पट योजना घेऊन कुणी आलं, तरी हेच प्रश्न.

जाता जाता एक गोष्ट. आपण नुसते ऐकत बसलेलो नाही, आपणही हाक मारली आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, कधी कुणाला सापडलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तीत पावसाचा आवाज आहे, आई आणि बाळाचा आवाज आहे, ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत आपल्या मराठीतलाही एक आहे. आणि भारताचं म्हणून जे एक गाणं निवडलं, ते गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचं, भैरवी रागातलं. यान निघालं त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज आज पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचला आहे आणि पुढं चाललाच आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जायला अजून ४० हजार वर्षं लागतील. ज्या काळी बाईनं बैठकीत गायला बसणं चांगलं मानत नव्हते, त्या काळातल्या एका बाईचा आवाज.

आज जेवणं झाली की पोरींना घेऊन अंगणात या. दिवे मालवा. वर बघा. त्यांनी काही विचारलं तर गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, "मला माहीत नाही, आपण विचारू." मी गटापुढं 'आठ दिवस थांबा' म्हणाले, तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटत नाही.

पुढच्या भेटीत शेळ्यांच्या पीपीआर लसीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.